तिरप्या रेघेखालचा स्वर

स्नेहसंमेलनाच्या तयारीचे दिवस होते. इयत्ता आठवीतील एका विद्यार्थिनीने गीताचा कागद आमच्यापुढे धरून विचारले, "सर, येथे ए मायनर वाजवू की जी?" कागदावर 'ए मायनर/जी' असे लिहिले होते. तिचा प्रश्न चुकीचा होता, परंतु निष्कारण नव्हता. शाळेच्या अर्जावर 'विद्यार्थी/विद्यार्थिनी' असे छापलेले असते व त्यांतील एक शब्द खोडावयाचा असतो. तेव्हा तिरपी रेघ म्हणजे 'अथवा', हाच अर्थ मुलांच्या मनात दृढ झालेला असतो. गिटारीच्या कागदावर मात्र ही रेघ 'अथवा' असे म्हणत नाही. तेथे रेघेच्या दोन्ही बाजूंचे एकाच वेळी वाजवावयाचे असते. हे कसे, आणि ते लहान हातासही कसे साधते, हे सांगण्याचा या लेखाचा हेतू आहे. त्या मुलीस शिकविताना आमच्या हातून एक चूक घडली. तीही आम्ही ओघाने सांगणार आहोत, कारण धड्यातील निम्मे ज्ञान आम्हास त्या चुकीपासूनच मिळाले.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहू. अनेक स्वर एकाच वेळी उमटविले म्हणजे त्या समूहास पाश्चात्त्य संगीतात कॉर्ड म्हणतात. आपल्या रागसंगीतात स्वर एकामागून एक येतात. तेथे ते एकमेकांबरोबर उभे राहतात. साधी कॉर्ड तीन स्वरांची असते. ज्या स्वरावरून तिचे नाव पडते त्यास षड्ज मानले, तर मेजर कॉर्डमध्ये सा, शुद्ध गंधार व पंचम असतात, आणि मायनर कॉर्डमध्ये सा, कोमल गंधार व पंचम असतात. दोहोंत भेद काय तो गंधाराचा. परंतु तेवढ्याने मेजरचा उजळपणा जाऊन मायनरचा गंभीर, किंचित उदास भाव येतो. ए मायनर या कॉर्डचे स्वर ए, सी आणि ई हे होत. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांस हे सहज समजेल. पांढरी सहा हा षड्ज धरा. मग तिच्या वरची पांढरी एक हा कोमल गंधार व पांढरी तीन हा पंचम. या तीन पट्ट्या एकदम दाबल्या की ए मायनर वाजली.

आता तिरप्या रेघेकडे वळू. रेघेच्या अगोदर कॉर्डचे नाव असते व नंतर एकाच स्वराचे. तो एक स्वर सर्वांच्या खाली, खर्जात, वाजवावयाचा असतो. 'ए मायनर/जी' म्हणजे वरती ए मायनरचे तीन स्वर आणि त्यांच्या तळाशी जी. अशा कॉर्डला स्लॅश कॉर्ड म्हणतात. विद्यार्थ्यांनी अपूर्णांकाचे स्मरण करावे. रेघेच्या वर अंश, खाली छेद. अंश तोच ठेवून छेद बदलला तर किंमत बदलते, हे आपण पाटीवर अनेक वेळा पाहिले आहे. येथेही वरची कॉर्ड तीच राहते, तळाचा स्वर बदलतो, आणि ऐकणाऱ्यास सर्वच बदलल्यासारखे वाटते. उपमा येथपर्यंतच खरी आहे. छेद मोठा झाल्याने किंमत घटते असला नियम स्वरांत नाही.

केवळ वाचून हे पटणार नाही. म्हणून एक प्रयोग घरी करून पाहावा. पेटीवर मधल्या भागात वर सांगितलेल्या तीन पट्ट्या उजव्या हाताने दाबून धराव्या व डाव्या हाताने भाता चालवावा. धाकट्या भावास अथवा बहिणीस डावीकडे बसवून खालच्या सप्तकातील एकेक पट्टी दाबण्यास सांगावे. प्रथम खालची पांढरी सहा. आवाज स्थिर वाटेल. मनुष्य आपल्या उंबरठ्यावर उभा आहे असे वाटेल. नंतर ती सोडून खालची पांढरी पाच. वरचे तिन्ही स्वर जागचे हललेले नाहीत, तरीही ते आता कोठे तरी निघाल्यासारखे वाटतील. नंतर पांढरी चार. आवाजात एक मऊ, दूरची छटा येईल. शेवटी पांढरी तीन. येथे काही तरी अपुरे राहिले आहे, पुढे कोणी तरी बोलावयास हवे, अशी अपेक्षा उत्पन्न होईल. वडील माणसांनीही जवळ बसून हा प्रयोग ऐकावा. संगीताचे शिक्षण नसलेल्या कानासही हा फरक कळतो.

असे का व्हावे? आपला कान सर्वांत खालच्या स्वरास आधार मानतो व वरील स्वरांचे नाते त्याच्याशी जोडतो. हे आपल्याकडील गायकांस नवे नाही. तंबोऱ्याची पहिली तार बहुधा पंचमात लावतात. परंतु मालकंसासारख्या पंचमवर्जित रागात तीच मध्यमात लावतात. गायकाच्या गळ्यातील षड्ज तोच, परंतु खाली पंचमाऐवजी मध्यम बोलू लागताच सर्व वातावरण निराळे होते. स्लॅश कॉर्डचे कार्य याच जातीचे आहे. अंतर इतकेच की तंबोरा एकदा जुळविला की मैफल संपेपर्यंत त्याचा आधार बदलत नाही, आणि स्लॅश कॉर्डमध्ये तो दर चार मात्रांनी बदलू शकतो.

तळाच्या स्वराचे दोन प्रकार ध्यानात ठेवावे. पहिला प्रकार घरच्या स्वराचा. ए मायनर/सी आणि ए मायनर/ई यांत सी व ई हे मूळच्या तिघांपैकीच आहेत. जो एरवी वर बसतो तो आता तळाशी बसला, इतकेच. यास उलटापालट म्हणतात. दुसरा प्रकार पाहुण्या स्वराचा. ए मायनर/जी मध्ये जी हा त्या तिघांतील नव्हे. तो बाहेरून आला आहे. षड्ज ए मानला तर जी हा कोमल निषाद होय. घरचा स्वर तळाशी आला तर कॉर्ड नुसती कूस बदलते. पाहुणा तळाशी आला तर ती चालू लागते, कारण पाहुण्यास फार वेळ थांबता येत नाही; तो पुढच्या स्वराकडे जाऊ पाहतो.

आता प्रत्यक्ष वाद्य हाती घेऊ. गिटारीस सहा तारा. सर्वांत बारीक ती पहिली व सर्वांत जाड ती सहावी, असा मोजण्याचा संकेत आहे. प्रथम वाद्य सुरात हवे. पेटी जवळ असेल तर सहावी तार पांढरी तीन, पाचवी पांढरी सहा, चौथी पांढरी दोन, तिसरी पांढरी पाच, दुसरी पांढरी सात आणि पहिली पुन्हा पांढरी तीन, अशी जुळवावी. अर्थात हे स्वर एकाच सप्तकातील नाहीत. सहाव्या व पहिल्या तारेत दोन सप्तकांचे अंतर आहे. गिटारीच्या मानेवर धातूचे आडवे पडदे बसविलेले असतात. सतारीचे पडदे सरकविता येतात, हे सरकत नाहीत. दोन पडद्यांमधील जागेस आपण घर म्हणू. खुंट्यांच्या बाजूचे ते पहिले घर. एक घर पुढे सरकले की स्वर पेटीच्या एका पट्टीने, म्हणजे काळी धरून लगतच्या पट्टीने, चढतो.

डाव्या हाताची बोटे अशी ठेवावी. तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या घरात, हा सी. मध्यमा तिसऱ्या तारेवर दुसऱ्या घरात, हा ए. पहिली तार मोकळी, ही ई. या तीन बारीक तारांवर आपले ए, सी, ई तयार झाले. आता ही दोन बोटे या धड्यात तेथून उचलावयाची नाहीत. बोट घराच्या मध्यावर न ठेवता पुढच्या पडद्याच्या अगदी जवळ, त्याच्या अलीकडे टेकवावे. तेथे थोड्या जोराने काम होते. अंगठा मानेच्या मागे मध्यमेच्या समोर असावा, आणि मनगट किंचित पुढे काढावे.

तळाचा स्वर आता अनामिकेकडे सोपवू. अनामिका म्हणजे जिला नाव नाही ती. परंतु या धड्यात रेघेखालचे नाव तीच ठरविते. अनामिका कोठेच न ठेवता पाचवी तार मोकळी वाजविली, तर तळाशी ए मिळतो. ही साधी ए मायनर. अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या घरात ठेवली, तर तळाशी सी; ही ए मायनर/सी. तीच अनामिका सहाव्या तारेवर तिसऱ्या घरात नेली, तर तळाशी जी; ही ए मायनर/जी. तीच चौथ्या तारेवर तिसऱ्या घरात आणली, तर तळाशी एफ. ही ए मायनर/एफ, आणि हिलाच एफ मेजर सेव्हन्थ असेही नाव आहे. अनामिका उचलून सहावी तार मोकळी वाजविली, तर तळाशी ई; ही ए मायनर/ई. दोन बोटे स्थिर व एक बोट फिरते, एवढ्यावर पाच निरनिराळे आवाज मिळतात. यांतील एफ हा चौथ्या तारेवर असल्याने तो जीच्या खाली न उतरता वर उडी घेतो. सहाव्या तारेच्या पहिल्या घरात खालचा एफ आहे, परंतु तेथे अंगठा मानेवरून वळवून आणावा लागतो. ते कौशल्य पुढे येईल. नवशिक्याने वरचाच एफ घ्यावा. कानास ती उडी खटकत नाही.

उजव्या हाताने सर्व तारांवरून एकदम फटकारा मारू नये. खर्जाच्या तारेसाठी अंगठा, तिसऱ्या तारेसाठी तर्जनी, दुसरीसाठी मध्यमा, पहिलीसाठी अनामिका, असे काम वाटून द्यावे. चार मात्रा मोजाव्या. पहिल्या मात्रेस अंगठ्याने केवळ तळाचा स्वर वाजवावा, व उरलेल्या तीन मात्रांस तिन्ही बोटांनी वरचे स्वर एकत्र छेडावे. असे केल्याने तळाचा स्वर सर्वांआधी व स्वच्छ ऐकू येतो. स्लॅश कॉर्डमध्ये ज्याचे महत्त्व, त्यास प्रथम बोलू द्यावे.

आम्ही पूर्वी उल्लेखिलेल्या चुकीची हकिकत येथे सांगणे योग्य होईल. वर दिलेली रीत त्या वेळी आम्ही शिकवीत नव्हतो. आम्ही त्या मुलीस पुस्तकी आकृतीप्रमाणे शिकविले होते: तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या घरात, मध्यमा चौथ्या तारेवर व अनामिका तिसऱ्या तारेवर दुसऱ्या घरात, आणि शिवाय करंगळी लांबवून सहाव्या तारेच्या तिसऱ्या घरात. मुलीचा हात लहान. गीतात ए मायनर, ए मायनर/जी, एफ व ई अशा चार कॉर्ड क्रमाने येत. पहिली छान वाजे, दुसरीपाशी गढूळ, घोगरा आवाज निघे. आम्ही म्हणालो, "आणखी जोराने दाब." ती दाबी, बोटांस वळ उठत, आवाज तसाच. एके दिवशी ती काकुळतीने म्हणाली, "सर, माझ्याने होईल तितके मी दाबते, पण ती तार ऐकतच नाही."

दोन दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. गृहस्थ समंजस होते. ते म्हणाले, "सर, मुलीचा हात लहान आहे हे मलाही दिसते. घरी ती बोटे पाण्यात बुडवून बसते. तिला कोरसमध्ये उभी करा, वाद्य दुसऱ्या कोणास द्या. मी तिची समजूत घालीन." खरे सांगावयाचे तर त्यांचे म्हणणे आम्हास सोयीचे वाटले. संमेलनास तीन आठवडे उरले होते. आम्ही "उद्या सांगतो" असे म्हणालो, परंतु मनात निर्णय जवळ जवळ झाला होता.

त्याच सायंकाळी तिची गिटार जागेवर ठेवताना आम्ही ती सहज मांडीवर घेतली व ए मायनर/जी एकेक तार सुटी छेडून वाजविली. सहावी तार ठीक बोलली. नंतर पाचवी. ती मोकळीच होती व पूर्ण आवाजाने वाजत होती. दोष तेथे होता. सहाव्या तारेवर तिसऱ्या घरातील जी दर सेकंदास सुमारे ९८ कंपने करतो, आणि मोकळी पाचवी तार ११० करते. इतके जवळचे दोन खर्ज स्वर एकत्र वाजले की त्यांच्या फरकाइतकी, म्हणजे सेकंदास सुमारे १२ वेळा, आवाजात थरथर उत्पन्न होते, व कानास ती गढूळ लागते. वरच्या सप्तकातील ए, ज्याची कंपने २२० आहेत, तो जीपासून दूर असल्यामुळे असा त्रास देत नाही. अर्थात पाचवी तार मुकी करावयास हवी होती. करंगळी किंचित आडवी करून तिच्या पोटाचा हलका स्पर्श पाचव्या तारेस होऊ द्यावयाचा, हे आम्ही स्वतः सवयीने करीत होतो. पण मुलीस सांगावयाचे राहून गेले होते. ज्या तारेस स्पर्श करून गप्प ठेवावयाचे, तीस मोकळी सोडून आम्ही तिला दुसरी तार अधिक जोराने दाबावयास सांगत होतो. तिच्या बोटांवरील वळ आमच्या अपुऱ्या शिकवणीचे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला हे सर्व सांगितले व आमची चूक कबूल केली. तिने करंगळीने तार मुकी करण्याचा प्रयत्न केला. कधी साधे, कधी न साधे. मधल्या सुटीत ती पुन्हा आली आणि म्हणाली, "सर, मधल्या दोन तारा वाजविल्याच नाहीत तर चालेल का? तीन बारीक तारांवर ए मायनर आहेच की." आम्ही क्षणभर विचार केला. चौथ्या तारेवरील ई हा पहिल्या तारेवर होताच. तो गेल्याने काही उणे पडत नव्हते. पाचवी तर नकोच होती. चौथी तार सुटल्याबरोबर मध्यमा मोकळी झाली. तिने तिसरी तार सांभाळली, अनामिका सुटी झाली, व करंगळी लांबविण्याचे कारणच उरले नाही. वर आम्ही सांगितलेली रीत अशा प्रकारे त्या मुलीच्या प्रश्नातून आमच्या वर्गात आली. शिवाय एक लाभ आपोआप झाला. ए मायनर/जी वरून एफकडे जाताना अनामिका त्याच तिसऱ्या घरात सहाव्या तारेवरून चौथीवर येते. दुसरे काहीच हलत नाही. पूर्वी जी जागा सर्वांत कठीण होती ती सर्वांत सोपी झाली.

संमेलनाच्या दिवशी तीच वाद्यावर बसली. दुसऱ्या कडव्यात अनामिका एकदा सरकली व तार खरखरली. तिने मात्रा मोजणे सोडले नाही. पुढच्या समेवर बोट जागेवर होते. श्रोत्यांपैकी थोड्यांच्याच ते लक्षात आले असेल. तिच्या वडिलांनी नंतर आमच्याजवळ इतकेच म्हटले, "मी घाई करीत होतो." आम्हीही करीत होतो, हे आम्ही त्यांस सांगितले.

आता या कॉर्डचे मूळ थोडक्यात पाहू. ए, जी, एफ, ई अशी खाली उतरणारी ओळ कोणा आधुनिक गीतकाराची कल्पना नव्हे. इटालियन संगीतकार क्लाउदिओ मोंतेवेर्दी यांनी इ. स. १६३८ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठव्या माद्रिगाल-ग्रंथात एका वनकन्येचा विलाप गुंफिला आहे. त्याच्या तळाशी हेच चार स्वर आरंभापासून अखेरपर्यंत पुनः पुन्हा उतरत राहतात व वर ती विरहिणी गाते. आपल्या भाषेत म्हणावयाचे तर सा, कोमल नी, कोमल ध, प. आसावरी अथवा भैरवी ऐकणाऱ्या कानास ही उतरण परकी वाटणार नाही. इंग्लंडमध्ये हेन्री पर्सेल यांनी सतराव्या शतकाच्या अखेरच्या भागात 'डायडो अँड ईनियस' या संगीतिकेतील राणीच्या अंतिम गीताखाली अशीच उतरण ठेविली. परंतु ती त्यांनी मधल्या एकाही स्वरास न गाळता, म्हणजे सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प अशी, अत्यंत सावकाश उतरविली. ही संगीतिका लंडनजवळील चेल्सी येथील मुलींच्या एका शाळेत विद्यार्थिनींनी करून दाखविली होती, हे आमच्या वाचकांस विशेष रुचेल.

त्या काळी तिरपी रेघ नव्हती. तळाच्या स्वरांची ओळ लिहून तिच्याजवळ आकडे घालीत, व वादक त्या आकड्यांवरून वरचे स्वर स्वतः बसवी. तळ बदलला तरी कॉर्डचे मूळ बदलत नाही, हा विचार फ्रेंच संगीतज्ञ रामो यांनी इ. स. १७२२ च्या आपल्या ग्रंथात शास्त्रीय पद्धतीने मांडला. पुढे विसाव्या शतकात गीतांच्या छापील कागदांवर कॉर्डची नावे अक्षरांनी लिहिण्याची चाल पडली, आणि आकड्यांच्या जागी ही रेघ आली. आपल्या देशातही हे ज्ञान केवळ पुस्तकांत राहिले नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले अनेक वादक मुंबईस आले. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या गोमंतकीय संगीतसंयोजकांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदासाठी स्वररचना लिहिल्या. वर देशी चाल व खाली चालता खर्ज, हा मेळ आपल्या कानांस त्यांच्यासारख्यांमुळेच घरचा झाला आहे.

अभ्यासाविषयी चार शब्द. रोज दहा मिनिटे पुरेत, परंतु रोज. प्रथम दोन स्थिर बोटे ठेवून तीन बारीक तारा एकेक छेडून पाहाव्या. एखादी बसकी वाटली तर जोर न वाढविता बोट पडद्याच्या जवळ न्यावे. नंतर साध्या ए मायनरवरून ए मायनर/ई वर जावे; यास नवे बोट लागत नाही, केवळ अंगठ्याने पाचवीऐवजी सहावी तार छेडावयाची असते. ते साधल्यावर ए मायनर/सी, व शेवटी ए मायनर/जी घ्यावी. प्रत्येकीवर चार मात्रा थांबावे. गती वाढविण्याची घाई करू नये. अनामिका हवेत असतानाच तिला आपली पुढली तार ठाऊक असली पाहिजे. महिन्याभराने, हात सरावल्यावर, चारही बोटांची पूर्ण आकृती करून पाहावी. कारण ज्या गीतात सर्व तारांवरून फटकारे मारावयाचे असतात तेथे तीच लागते. त्या वेळी पाचवी तार मुकी ठेवण्यास विसरू नये. तसेच अनामिका तिसऱ्या तारेवरून निसटणार नाही याची काळजी घ्यावी. ती निसटली तर तिसरी तार मोकळी होऊन जी बोलू लागते, पाचवी अगोदरच मुकी असते, मग ए हा स्वरच कोठे उरत नाही. उरतात जी, सी व ई, आणि ही तर सी मेजर झाली! मायनरचे गांभीर्य एका बोटाच्या आळसाने नाहीसे होते.

पालकांसही दोन गोष्टी सुचवितो. पाल्यासाठी वाद्य घेताना त्याच्या हाताचे माप पाहावे. मोठ्या गिटारीत तारेची वाजती लांबी सुमारे ६५ सेंटिमीटर असते. लहान मुलांसाठी तीनचतुर्थांश आकाराच्या गिटारी मिळतात, त्या घ्याव्या. तारा मानेपासून फार उंच नाहीत ना हेही पाहावे. नायलॉनच्या तारांच्या गिटारीत बाराव्या पडद्यावर जाड तार सुमारे ४ मिलिमीटर उंच असणे ठीक. त्याहून पुष्कळ अधिक असेल तर दोष कारागिराकडून काढून घ्यावा. मुलाचे बोट दुखते म्हणून त्यास कला नाही, असा निकाल त्यापूर्वी देऊ नये. आणि दुसरे हे की आवाज बिघडला असता "जोराने दाब" असे म्हणण्याच्या आधी प्रत्येक तार सुटी वाजवून पाहण्यास सांगावे. कोणती तार बोलू नये ती बोलत आहे, हे त्यावरून कळते.

त्या मुलीने आपल्या कागदावर 'ए मायनर/जी' च्या बाजूस पेन्सिलीने लिहून ठेविले आहे: 'दोन्ही. जी आधी.' तिरप्या रेघेचा संपूर्ण धडा त्या तीन शब्दांत आला आहे. आमच्या विद्यार्थ्यांनी सुटीच्या दिवसांत तो हातावर उतरवावा, आणि शाळा उघडल्यावर आम्हास वाजवून दाखवावा, एवढीच अपेक्षा.